नित्याचें औषध आणि मनाचा तोल

शेतकीच्या मासिकांत माणसाच्या औषधाची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. बीं-बियाणें, खत, बैल, विहीर आणि बाजारभाव एवढेंच आमचें क्षेत्र, असें मानणारे वाचक आहेत, व त्यांचें म्हणणें अगदींच चूक आहे असेंही नाहीं. परंतु शेत कसणारा मनुष्य जर ऐन पेरणीच्या तोंडावर चार रात्री झोपेवांचून काढूं लागला, घरच्यांस ओळखेनासा झाला, किंवा कारण नसतां भयभीत होऊन बसला, तर त्या घराचा हंगाम गेलाच असें समजावें. आणि अशी अवस्था कधीं कधीं मोंढ्यावरून परततांना दुकानांतून घेतलेल्या जुलाबाच्या गोळ्यांनींही येऊं शकते, हें जर शास्त्राच्या आधारें ठाऊक झालें आहे, तर तें आपल्या वाचकांपासून दूर ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

ज्या औषधांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों त्यांच्या कुळास फ्लुरोक्विनोलोन असें म्हणतात. नांव जिभेस अवघड, परंतु या कुळांतील मंडळी परभणी जिल्ह्यांत अनोळखी नाहींत. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन हीं तीं नांवें. पट्टीवरील नांवाच्या शेवटीं 'फ्लॉक्सासिन' हीं अक्षरें दिसलीं कीं कूळ ओळखावें. जुलाब लागले, लघवीस जळजळ झाली, टायफॉईडचा संशय आला, जखम चिघळली, कीं यांपैकीं एखादी गोळी पुढें येते. जुलाबावर तर ऑफ्लॉक्सासिन व ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी इतकी रूढ झाली आहे कीं ती घेण्यास डॉक्टरची चिठ्ठी लागते हेंच पुष्कळांस माहीत नाहीं. काटेकोरपणें बोलावयाचें तर हीं बुरशीपासून निघालेलीं प्रतिजैविकें नव्हत. तीं रसायनशाळेंत घडविलेलीं जंतुघ्न औषधें आहेत. पण लोकव्यवहारांत पेनिसिलिनच्या पंक्तीस तींही बसतात, म्हणून आम्हीही तसेंच म्हणतों. सिप्रोफ्लॉक्सासिनला अमेरिकेंत १९८७ सालीं मान्यता मिळाली. त्यानंतर या औषधांनीं असंख्य जीव वाचविले आहेत, आणि त्यांस बदनाम करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

आतां त्यांच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००८ सालीं या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटींत पहिली मोठी सूचना छापावयास लाविली. ती स्नायूस हाडाशीं जोडणारी कंडरा तुटण्याविषयीं होती. २०१६ सालीं त्याच खात्यानें सांगितलें कीं, सायनसचा दाह, श्वासनलिकेचा दाह व मूत्रमार्गाचा साधा संसर्ग या दुखण्यांवर दुसरा उपाय असेल तर हीं औषधें देऊं नयेत, कारण तेथें लाभापेक्षां धोका अधिक आहे. पुढें १० जुलै २०१८ रोजीं मनाविषयींचा इशारा स्वतंत्र व ठळक छापण्याचा आदेश निघाला. लक्ष न लागणें, स्थळकाळाचें भान सुटणें, मनाचा क्षोभ, घाबरेपणा, स्मरण मंद होणें, आणि आपण ज्यास वात झाला म्हणतों ती बरळण्याची अवस्था, असे सहा परिणाम त्यांत नांवानिशीं दिले आहेत. रक्तांतील साखर एकाएकीं उतरून बेशुद्धि येते, हेंही त्याच आदेशांत होतें. तशा ६७ रोग्यांच्या नोंदी तपासल्या असतां १३ जण दगावल्याचें आढळलें. मधुमेहाच्या गोळ्या चालूं असणाऱ्या वाचकांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. साखर उतरलेला मनुष्य घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, कधीं अंगावर धांवूनही येतो, आणि घरचीं माणसें त्यास साखर देण्याऐवजीं धरून बसतात.

युरोपांतील औषध संस्थेनें २०१८ च्या अखेरीस अशीच तपासणी करून या औषधांचा वापर आंखडता घेण्यास सांगितलें. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीं सप्टेंबर २०२३ मध्यें डॉक्टरांस आठवण दिली कीं, यांच्या सेवनानें नैराश्य, भ्रम व क्वचित् आत्मघाताचे विचारही उद्भवूं शकतात, तेव्हां रोग्यास आधींच सावध करावें. आणि जानेवारी २०२४ मध्यें, दुसरें कोणतेंही योग्य औषध नसेल तेव्हांच हीं द्यावींत, असा दंडक घातला. हे परिणाम फार थोड्यांस होतात, हें खरें. परंतु ज्यास होतात त्यास ते पहिल्या गोळीनंतरही होऊं शकतात, आणि होण्यापूर्वीं चेहऱ्यावर तशी कांहीं खूण दिसत नाहीं.

असें कां व्हावें, याचेंही थोडें स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनीं दिलें आहे. मेंदूंत गाबा नांवाचें एक द्रव्य असतें. मज्जापेशी उधळूं लागल्या कीं त्यांस आवरून धरणें हें त्याचें काम. उतारावर भरली गाडी जाऊं लागली म्हणजे तिला मागून ओढ धरावी लागते, तसें हें आहे. फ्लुरोक्विनोलोन औषधें ही ओढ सैल करतात. सूज व अंगदुखी यांवरच्या ज्या गोळ्या आपण दिवसभर ओझीं वाहून आल्यावर सहज तोंडांत टाकतों, त्यांपैकीं कांहीं या औषधांबरोबर पडल्या तर ती ओढ अधिकच सैल होते. म्हातारीं माणसें, मूत्रपिंडाचे रोगी, आणि ज्यांस पूर्वीं फेंफरें आलें आहे अशीं माणसें यांस भय विशेष. आणखी एक बारीक गोष्ट, जी कोणी दुकानदार सांगत नाहीं: सिप्रोफ्लॉक्सासिन हें चहांतील उत्तेजक द्रव्याचा शरीरांतून होणारा निचरा मंद करतें. दिवसांतून सातआठ कप चहा घेणाऱ्या आमच्या मंडळींस ही गोळी चालूं असतां रात्रीं झोप आली नाहीं तर त्यांत नवल नाहीं. आणि तीच गोळी कोणी नुसत्या दुधाबरोबर गिळील तर दुधांतील चुन्यामुळें ती पुरती अंगींच लागत नाहीं. म्हणजे आपण शक्तीसाठीं दूध घेतों, जागरण टाळण्यासाठीं चहा सोडीत नाहीं, आणि औषध मात्र वाया घालवितों.

येथवर जें सांगितलें तें बहुतेक पक्कें आहे. यापुढें जें सांगावयाचें तें अजून तसें नाहीं, आणि वर्तमानपत्री मथळे नेमके तेथेंच मोठे असतात. सर्वच प्रतिजैविकें मनास बिघडवितात काय? ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदी चाळून केलेलें एक संशोधन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत पेनिसिलिन गटाचें औषध एकदां घेतलेल्यांमध्यें नैराश्याचा संभव सुमारें २३ टक्क्यांनीं, व पांचांहून अधिक वेळां घेतलेल्यांमध्यें सुमारें ५६ टक्क्यांनीं अधिक दिसला. डेन्मार्कमध्यें १९९५ ते २०१२ या काळांत जन्मलेल्या १०,९८,९३० मुलांच्या नोंदींवरून असें निघालें कीं, संसर्गासाठीं इस्पितळांत राहावें लागलेल्या मुलांत पुढें मनोविकार होण्याचा संभव ८४ टक्क्यांनीं, आणि नुसतीं जंतुघ्न औषधें दिलेल्या मुलांत ४० टक्क्यांनीं वाढला होता.

हे आकडे वाचून घाबरण्यापूर्वीं शेतकऱ्यानें आपल्याच रानाचा दाखला आठवावा. गांवांतल्या सर्व कपाशीची कोणी मोजदाद केली तर ज्या रानांत फवारणी जास्त झाली त्या रानांत बोंडअळीही जास्त होती असेंच बहुधा आढळेल. फवारणीनें अळी आली असें त्यावरून कोणी म्हणणार नाहीं. अळी आली म्हणून फवारणी झाली. त्याचप्रमाणें ज्या मुलास वारंवार ताप येतो त्यासच वारंवार औषध मिळतें, आणि मेंदूवर ताणाचा परिणाम झाला असेल तर तो तापाचा कीं औषधाचा, हें नुसत्या नोंदींवरून निवडतां येत नाहीं. डेन्मार्कच्या आकड्यांत इस्पितळांतील दुखणें औषधापेक्षां जड ठरलें आहे, यावरून आमचा कल तरी तापाकडेच अधिक दोष देण्याचा आहे. तथापि दुसराही एक मार्ग संभवतो. आपल्या आंतड्यांत कोट्यवधि उपकारक जंतू राहतात व त्यांचा मेंदूशीं कांहीं व्यवहार चालतो, असें अलीकडचे शास्त्रज्ञ मानूं लागले आहेत. तूर आणि सोयाबीनच्या बियाण्यास रायझोबियम चोळणाऱ्या, परभणीच्या कृषि विद्यापीठांतून बायोमिक्सचे डबे आणणाऱ्या आमच्या वाचकांस ही कल्पना चमत्कारिक वाटूं नये. जमिनींत जिवाणू असावे लागतात हें आपण मान्य केलें, मग पोटांतल्यांनींच काय पाप केलें? मात्र हें अजून अनुमान आहे, आणि अनुमानास अनुमान म्हणूनच जवळ करावें.

पक्क्या गोष्टींत आणखी एक औषध येतें, आणि त्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे. क्षयरोगाचे जंतू जेव्हां नेहमींच्या औषधांस दाद देईनासे होतात, तेव्हां सायक्लोसेरीन नांवाचें प्रतिजैविक देण्याचा प्रघात आहे. हें औषध १९५० नंतरच्या दशकांत निघालें, आणि त्याच काळापासून तें मनास बाधतें हें वैद्यांस माहीत आहे: रोगी खिन्न होतो, संशयी होतो, भास होतात, क्वचित् पुरता भ्रमिष्ट होतो. देण्यापूर्वीं रोग्याच्या मनाची चौकशी करावी, असा नियम याच कारणानें आहे. आतां हें औषध इतक्या रोग्यांस कां लागूं लागलें तें पाहा. मुंबईच्या धारावींत १९९१ सालीं शंभर खाजगी डॉक्टरांस क्षयाचा उपचार लिहावयास सांगितला तेव्हां ऐंशी निरनिराळ्या चिठ्ठ्या निघाल्या. सुमारें वीस वर्षांनीं तेथेंच १०६ डॉक्टरांस तोच प्रश्न घातला. ६३ तऱ्हा निघाल्या आणि बिनचूक चिठ्ठी अवघ्या सहा जणांनीं लिहिली. ही हकीकत २०१० सालीं प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया यांनीं, तपासलेल्या सर्वच औषधांस न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी सांपडल्याचें जाहीर केलें, व देशभर खळबळ उडाली. अर्धवट व अडाणी औषधोपचारानें जंतू निर्ढावले, आणि निर्ढावलेल्या जंतूंसाठीं मनावर घाला घालणारीं औषधें द्यावीं लागलीं, अशी ही सांखळी आहे. २०२४ सालीं केंद्र सरकारनें अशा क्षयावर सहा महिन्यांची एक नवी उपचारपद्धति मान्य केली. तींत सायक्लोसेरीन नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. तरी लांब मुदतीच्या उपचारांत तें अद्यापि आहे.

येथें एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. हा लेख वाचून कोणी क्षयाचें औषध आपल्या मनानें बंद करील तर तो स्वतःचें व घरच्या लेंकरांचें नुकसान करील. मनास कांहीं होऊं लागलें तर त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें आणि सांगावें. मात्रा कमी करणें, औषध बदलणें, जोडीस दुसरें देणें, हे उपाय त्याच्यापाशीं आहेत.

आमची खरी तक्रार पुढेंच आहे. आपल्या मराठवाड्यांत मनुष्य एकाएकीं विचित्र वागूं लागला कीं त्याचा अर्थ लावण्याच्या तीन रीती आहेत. कोणी म्हणतो भानामती झाली, कोणी म्हणतो कर्जानें डोकें फिरलें, कोणी म्हणतो घराण्यांतच वेड आहे. पहिली समजूत खोटी असून जादूटोण्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या अघोरी प्रथांस २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. दुसरी पुष्कळदां खरी असते. तिसरीनें मुलींचीं लग्नें मोडतात. परंतु या आठवड्यांत याच्या पोटांत कोणतें औषध गेलें, हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो विचारला तरी उत्तर मिळत नाहीं, कारण गोळ्या सुट्या कापून कागदाच्या पुडींत दिलेल्या असतात, इंजेक्शन कसलें दिलें हें कंपाउंडरासच ठाऊक असतें, आणि चिठ्ठी मुळींच नसते. औषधानें आलेला मनोविकार इतर मनोविकारांहून एका बाबतींत सुदैवी आहे: औषध थांबविलें म्हणजे तो बहुधा ओसरतो. हा सुटण्याचा मार्ग केवळ गोळीचें नांव न कळल्यामुळें बंद व्हावा, यापरता उधळेपणा आम्हांस दिसत नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीं प्रेरणा प्रकल्प काढला व त्यांत आशा कार्यकर्तींनीं घरोघर जाऊन खिन्न झालेलीं माणसें हुडकावींत अशी योजना ठेवली. योजना उत्तम. अशा चौकशींत कर्ज, व्यसन व झोप यांबरोबर गेल्या पंधरा दिवसांतील औषधांचाही प्रश्न घालावा, अशी आमची जिल्ह्याच्या आरोग्य खात्यास विनंति आहे. त्यास पैसा लागत नाहीं.

कायद्याची स्थितिही पाहण्यासारखी आहे. १ मार्च २०१४ पासून औषधांच्या नियमांत एच-१ नांवाची एक यादी लागूं झाली. तींतील ४६ औषधें विकतांना दुकानदारानें रोग्याचें नांव, डॉक्टरचें नांव व औषधाची संख्या वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी, असा नियम आहे. सायक्लोसेरीन या यादींत आहे, लेव्होफ्लॉक्सासिनही आहे. पण खेड्यापाड्यांत जीं सर्वांत अधिक खपतात तीं सिप्रोफ्लॉक्सासिन व ऑफ्लॉक्सासिन हीं नांवें त्या ४६ मध्यें घातलीं नव्हतीं. त्यांस चिठ्ठी लागते, वही लागत नाहीं. महाग घोड्यास दावें बांधावें आणि उधळणारा बैल मोकळा सोडावा, असा हा प्रकार झाला. खेड्यांत डॉक्टर जवळ नसतो, म्हणून दुकानदारानें दिल्यावांचून चालत नाहीं, असा बचाव आम्ही ऐकला आहे, व त्यांत अर्धें सत्य आहे हें नाकारीत नाहीं. जिंतूरच्या डोंगराळ भागांतून रात्रीं रोगी हलविणें काय असतें हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु साध्या जुलाबास पुष्कळदां जंतुघ्न औषध लागतच नाहीं. मीठ-साखरेचें पाणी व क्षारांची पुडी लागते, आणि ती द्यावयास दुकानदारास कोणाची चिठ्ठी नको. शिवाय २०१६ पासून प्रतिजैविकांच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ छापण्याची मोहीम सरकारनें काढली आहे. ती रेघ पाहून तरी गिऱ्हाइकानें हात आवरावा.

आपल्या धंद्याकडूनही या सांखळींत एक कडी जोडली जाते, ती थोडक्यांत सांगतों. दुभत्या जनावरास दगडी झाली, कोंबड्यांस मर लागली, कीं एन्रोफ्लॉक्सासिन हें याच कुळांतलें औषध टोंचलें किंवा पाजलें जातें, आणि जनावराच्या अंगांत त्याचा कांहीं भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्यें बदलतो. अमेरिकेनें कोंबड्यांसाठीं तें २००५ सालीं बंद केलें. लिंबा-मोसंबीवरील खैऱ्या, डाळिंबावरील तेल्या, कपाशीचा करपा यांवर आपल्याकडे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतात; त्यांतलें स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयाचें जुनें औषध. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो माणसांस हीं औषधें स्वस्त मिळावींत म्हणून. तीं झाडांवर शिंपडलीं जातील हें तेव्हां फारसें कोणाच्या मनांत नसावें. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पिकांवरील हा वापर बंद करण्याचा मसुदा काढला. अशा दुधानें वा फळानें कोणाचें मन बिघडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गोठ्यांत व बागेंत जंतू निर्ढावले तर उद्यां घरच्या माणसास साधें औषध लागूं पडणार नाहीं, आणि मग जें द्यावें लागेल तें अधिक कडक असेल. इंजेक्शन दिल्यावर पशुवैद्य जितके दिवस दूध डेअरीस घालूं नका म्हणतो तितके दिवस तें घालूं नये. भाव चांगला असतां हें अवघड जातें, हें आम्ही जाणतों.

तेव्हां आपल्या सभासदांनीं काय करावें? दुकानदाराकडे पट्टी अखंड मागावी, निदान नांव छापलेला तुकडा तरी मागावा, आणि घरांत ज्या पेटींत सातबारा व पीकविम्याच्या पावत्या ठेवतों त्याच पेटींत औषधाची चिठ्ठी ठेवावी. डॉक्टरास आपल्याला मधुमेह, फेंफरें किंवा पूर्वींचें मनाचें दुखणें असल्यास न लाजतां सांगावें. गोळी सुरू झाल्यावर झोप उडाली, भास झाले, जीव घाबरा झाला किंवा जगूं नये असें वाटूं लागलें, तर तें नशीब म्हणून सोसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, आणि रात्रीं-अपरात्रीं कोणाशीं बोलणें जरूर वाटलें तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठीं २०१० पासून देशभर काम चालतें, व तें आतां गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. तेथें केवळ डॉक्टरानेंच नव्हे तर रोग्यानें किंवा त्याच्या नातलगानेंही कळविलें तरी चालतें, व त्यासाठीं १८००-१८०-३०२४ हा बिनखर्चाचा क्रमांक आहे. आमच्या जिल्ह्यांतून अशी एक जरी नोंद पुढील वर्षांत गेली, आणि ती करणाऱ्या सभासदानें आम्हांस कळविली, तर नांव न छापतां तिची हकीकत या मासिकांत देण्यास आम्ही तयार आहों.